संग्रहालयाने विकायला काढलेले इंजिन आणि डबा : आधी छप्पर, मग सौदा

देवगड तालुक्यातील किनाऱ्याजवळच्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यवाहांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. देशावरील एका खाजगी विश्वस्त संस्थेच्या रेल्वे संग्रहालयाने आपल्याकडची जादा इंजिने, डबे आणि वॅगनी विकायला काढल्या आहेत. त्यांतील दोन फुटी गेजचे, म्हणजे दोन रुळांमध्ये दोन फूट अंतर असलेल्या मार्गावरचे, सुमारे बारा टनांचे, पूर्वी साखर कारखान्यात ऊस ओढणारे एक वाफेचे इंजिन आणि रुंद गेजचा एक जुना प्रवासी डबा संस्थेने घ्यावा, असा माजी विद्यार्थ्यांचा आग्रह आहे. इंजिन शाळेच्या आवारात उभे करायचे आणि डब्यात वाचनालय थाटायचे, असा बेत आहे. संग्रहालयाने स्वतःचाच ठेवा विकणे योग्य आहे का, घेताना काय तपासावे, आणि समुद्राच्या इतक्या जवळ आणल्यावर या वस्तू टिकतील का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी तीस वर्षे रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात काम केले आणि निवृत्तीनंतर रत्नागिरीत राहून जुन्या डब्यांच्या व इंजिनांच्या जतनाचे काम करतो. त्या अनुभवावरून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची दोन्ही उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. वस्तू गावात येण्यापूर्वी तिच्यासाठी छप्पर उभे असेल, तर ती टिकेल. छप्पर नंतर बांधू असे म्हणून वस्तू आधी आणली, तर ती टिकणार नाही. ‘नंतर’ म्हणजे निदान एक पावसाळा मध्ये जातो, आणि कोकणातला एक पावसाळा देशावरच्या पाच पावसाळ्यांइतके काम करून जातो.

आता विक्रीविषयी. संग्रहालयाने वस्तू विकायला काढली की पुष्कळांना ते घरचे देव विकण्यासारखे वाटते. मला तसे वाटत नाही, पण विक्री कशी होते यावर माझे मत ठरते. रुंद गेजचा एक प्रवासी डबा एकवीस मीटरांहून अधिक लांब असतो. दहा डबे छपराखाली ठेवायचे म्हटले तर सव्वादोनशे मीटरांच्या आसपास लांबीची शेड लागते आणि तीही रुळांसह. चित्र भिंतीवरून काढून तळघरात ठेवता येते, शिल्प खोक्यात घालता येते. चाळीस टनांचा डबा मात्र एकतर शेडमध्ये असतो किंवा पावसात. बहुतेक रेल्वे संग्रहालये सुरुवातीच्या उत्साहात मिळेल ते घेतात, कारण त्या काळी जे घेतले नाही ते भट्टीत जाते. वीस-तीस वर्षांनी लक्षात येते की एकाच जातीचे तीन डबे आहेत, सुट्या भागांसाठी आणलेले एक इंजिन तसेच पडून आहे, आणि ज्या वस्तूसाठी संग्रहालय काढले तीच जागेअभावी उघड्यावर आहे. अशा वेळी दोन वस्तू योग्य हाती देऊन तिसरी छपराखाली घेणे हे जतनाचेच काम आहे.

जगभरच्या संग्रहालयांची परिषद आयकॉम हिच्या आचारसंहितेत याविषयी स्पष्ट अपेक्षा आहे. संग्रहातून काढायची वस्तू प्राधान्याने दुसऱ्या संग्रहालयाला देऊ करावी, आणि विक्रीतून आलेला पैसा संग्रहाच्याच भल्यासाठी वापरावा, पगारासाठी किंवा वीजबिलासाठी नव्हे. म्हणून आपण संग्रहालयाला पहिले पत्र लिहाल तेव्हा हे पैसे कशासाठी वापरणार आणि इतर संग्रहालयांना विचारून झाले आहे का, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. त्यात उद्धटपणा काही नाही. जी संस्था याचे सरळ उत्तर देते, तिची कागदपत्रेही सहसा सरळ असतात.

वस्तू विकली गेली म्हणून वाचली, याचे सर्वांत मोठे उदाहरण वेल्समधील बॅरी गावचे आहे. ब्रिटिश रेल्वेने मोडीत काढलेली वाफेची इंजिने तेथील वुडहॅम बंधूंच्या भंगार आवारात आली; मालकाने आधी वॅगनी तोडण्याचे काम हाती घेतले, इंजिने मागे राहिली, आणि १९६८ पासून पुढच्या दोन दशकांत हौशी मंडळींनी वर्गण्या काढून तेथून २१३ इंजिने विकत नेली. आज ब्रिटनमधील जतन केलेल्या रेल्वेमार्गांवर धावणारी कितीतरी इंजिने तेथून आलेली आहेत. आपल्या जवळचे उदाहरण माथेरानचे आहे. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने घडवलेली ७३८ ते ७४१ क्रमांकांची चार इंजिने होती. त्यांतले ७४१ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे आणि ७४० ब्रिटनमध्ये आहे. चार बहिणी चार घरी गेल्या, पण कोणती कोठे आहे याची नोंद राहिली म्हणून त्यांचा इतिहास एकसंध राहिला. नोंद तुटली असती तर इंजिन उरूनही त्याला नाव-गाव उरले नसते.

त्यामुळे वस्तूइतकीच तिची फाइल महत्त्वाची आहे. ती वस्तू संग्रहालयाच्या मालकीची आहे की कोणी उसनवार ठेवायला दिलेली आहे, देणगी असेल तर देणगीदाराने काही अट घातली होती का, हे लेखी मागावे. मालकीचा वाद असलेले इंजिन आवारात उभे करून त्याच्यासमोर झेंडावंदन करण्यात काही अर्थ नाही. जुने फोटो, दुरुस्तीच्या नोंदी, आराखडे, ज्या कारखान्यातून ते आले तेथील पत्रव्यवहार, यांच्या प्रती सौद्याचाच भाग म्हणून मागाव्यात. इंजिनावरची कारखान्याची पितळी पाटी मूळची आहे की नंतर लावलेली, हे पाहण्याची एक सोपी रीत सांगतो. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवरचा ग्रीसचा थर चिंधीने आणि थोड्या रॉकेलने पुसून काढला की पंच मारून ठोकलेले आकडे दिसतात. ते पाटीशी जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर घाबरण्याचे कारण नाही, कारण कारखान्यात एका इंजिनाच्या दांड्या दुसऱ्याला बसवणे नेहमीचेच असे. पण ते आपल्या नोंदवहीत पहिल्या दिवशी लिहून ठेवावे.

डबा तपासणे हे माझे रोजचे काम होते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. डबा आतून पाहून कधीही पसंत करू नये. आत रंग दिलेला असतो, बाकांना पॉलिश असते आणि माणूस बालपणच्या प्रवासांच्या आठवणीत हरवतो. डब्याखाली जावे. पोलादी डबा पहिल्यांदा सडतो तो संडासांखाली आणि दारांपाशी, कारण वर्षानुवर्षे पाणी तेथेच मुरते. डब्याच्या दोन्ही बाजूंनी लांबीभर जाणारा जो मुख्य तुळईवजा भाग, ज्याला आम्ही सोलबार म्हणतो, त्याच्यावर आणि जमिनीच्या पन्हळी पत्र्यावर, म्हणजे ट्रफ फ्लोअरवर, लहान हातोडीने दर वीतभर अंतरावर ठोकत जावे. धड पत्रा टणत्कार देतो. सडलेला पत्रा ओल्या मडक्यासारखा बद्द वाजतो, आणि हातोडी उचलली की गंजाचे पापुद्रे तोंडावर पडतात. डोळ्यांवर चष्मा हवा. खिडकीखालचा पत्रा जेथे आतल्या बाजूला वळतो त्या पट्ट्यावरही तसेच करावे, कारण खिडकीच्या खाचेतून गळलेले पाणी तेथे साचून राहते. डबा लाकडी सांगाड्याचा असेल तर पेचकस घेऊन दारांच्या चौकटींच्या पायथ्याशी आणि कोपऱ्यांत टोचून पाहावे. सागवान शंभर वर्षे टिकते, पण वाळवी आणि सततची ओल यांपुढे तेही हात टेकते.

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका पर्यटन व्यावसायिकाने मला असाच एक डबा पाहायला बोलावले होते. डबा दिसायला देखणा होता, तीन वर्षांपूर्वी आणलेला, समुद्र दिसेल असा मुद्दाम पश्चिमेला तोंड करून ठेवलेला आणि वर आभाळ. आतल्या कोपऱ्यातला गालिचा उचलून मी पायाच्या अंगठ्याने दाबले तर जमीन खाली गेली. बाहेरून खिडकीखाली रंगाचा फुगवटा होता; तेथे पेचकस टेकवला तो मुठीपर्यंत आत गेला आणि भोकातून तांबडे पाणी ओघळू लागले, मार्च महिन्यात. मालकाने दरवर्षी रंग दिला होता आणि मनापासून दिला होता. पण खारे वारे पत्र्यावर जे मीठ बसवतात ते गोड्या पाण्याने धुऊन न काढता त्यावर रंग चढवला की मीठ रंगाखाली कोंडले जाते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि पत्रा आतून खात राहते. त्यांनी तीन वर्षे गंजावर रंगाचे पांघरूण घातले होते. तो डबा अखेर भंगारात वजनावर गेला, आणि संग्रहालयाने ज्या विश्वासाने तो दिला होता त्याचे काय झाले हे त्यांना कळवण्याचे पत्र लिहिताना मला फार जड गेले.

इंजिनाच्या बाबतीत पहिला निर्णय असा घ्यावा की ते वाफेवर चालवायचे नाही. मुलांना शिट्टी ऐकवण्याचा मोह मला समजतो. पण रेल्वेच्या ताब्यातल्या बॉयलरची तपासणी रेल्वेची स्वतःची यंत्रणा करते. तोच बॉयलर खाजगी हाती आला की तो बॉयलर कायद्याच्या आणि राज्याच्या बॉयलर निरीक्षकाच्या कक्षेत येतो. नोंदणी, पाण्याच्या दाबाची चाचणी, वेळोवेळी तपासणी, प्रमाणपत्रधारक चालक, हे सर्व एका शाळेला पेलणारे नाही. उभ्या इंजिनासाठी बॉयलर धड असण्यापेक्षा कोरडा असणे महत्त्वाचे आहे. खालच्या चिखल काढण्याच्या झाकण्या उघडाव्यात आणि आत किती गाळ व क्षार साचले आहेत ते पाहावे. पाणी असेल तर ते निथळू द्यावे. धुराड्यावर झाकण बसवावे. मी पाहिलेल्या उघड्यावरच्या जवळजवळ प्रत्येक इंजिनाचा पुढचा धूरकोठा तळातून सडलेला होता, कारण धुराड्यातून पडलेले पावसाचे पाणी आतल्या जुन्या काजळीत मिसळले की ते सौम्य आम्लासारखे वागते. चार पैशांचे पत्र्याचे झाकण नसल्यामुळे मोठे नुकसान होते.

एक गोष्ट जिवाशी गाठ असलेली आहे. जुन्या इंजिनांच्या बॉयलरवर पत्र्याच्या आवरणाखाली उष्णता रोखण्यासाठी अ‍ॅस्बेस्टॉसचा लेप किंवा दोर असतो, आणि जुन्या रंगांत शिसे असते. श्रमदानाच्या उत्साहात विद्यार्थ्यांना खरवडायला बसवू नये. अ‍ॅस्बेस्टॉस आधीच काढलेले आहे असे संग्रहालयाने लेखी द्यावे, नसेल तर ते प्रशिक्षित माणसांकडून काढून घेण्याचा खर्च सौद्यात धरावा. या मुद्द्यावर तडजोड करू नये.

किमतीबद्दल एवढेच सांगतो की विक्रीची किंमत हा एकूण खर्चाचा बहुधा लहान भाग असतो. अशा विक्रीत ‘आहे त्या स्थितीत, आहे त्या जागी’ ही अट असते. म्हणजे अनामत रक्कम भरल्यापासून क्रेन, ट्रेलर, कर आणि मुदतीत न उचलल्यास जागाभाडे, हे सारे घेणाऱ्याचे. खुल्या लिलावात तुमच्यासमोर भंगार व्यापारी असेल, आणि तो टनाच्या हिशेबाने बोली लावतो. त्यामुळे वजन गुणिले भंगाराचा चालू दर ही तळाची किंमत समजावी. पण चांगले संग्रहालय केवळ बोली पाहत नाही. आपल्या पत्रासोबत उभ्या शेडचा फोटो, वार्षिक देखभालीची तरतूद केल्याचा संस्थेचा ठराव, आणि पुढे कधी ही वस्तू ठेवणे अशक्य झाले तर आधी संग्रहालयालाच विचारू असे लेखी वचन जोडले, तर कमी बोलीवरही वस्तू आपल्याला मिळू शकते. निदान मी विकणाऱ्याच्या बाजूला बसलो होतो तेव्हा आम्ही असेच केले होते.

वाहतुकीत इंजिन सोपे आणि डबा कठीण आहे. बारा टनांचे इंजिन साध्या लो-बेड ट्रेलरवर येते. धुराडे आणि वरची झाकणे काढून ठेवावीत आणि साखळ्या मुख्य चौकटीला बांधाव्यात, दांड्यांना कधीही नव्हे. डब्याची रुंदी मात्र सव्वातीन मीटरांच्या जवळ असते आणि रस्त्यावरच्या वाहनाला साधारणपणे २.६ मीटर रुंदीची परवानगी असते, म्हणजे खास परवाना लागतो. उंची कमी करण्यासाठी बोग्या, म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे, काढून वेगळ्या वाहनावर आणाव्या लागतात. त्यानंतर प्रश्न घाटाचा. एकवीस मीटरांचा सांगाडा करूळ किंवा फोंडा घाटाच्या वळणांतून उतरवायचा म्हणजे ज्या वाहतूकदाराने पवनचक्कीची पाती किंवा लांब गर्डर घाटातून नेले आहेत, त्यालाच विचारावे आणि त्याने स्वतः रस्ता मोजून दिल्याशिवाय परवान्यासाठी अर्ज करू नये. घाटाइतकेच लक्ष गावाच्या शेवटच्या तीन किलोमीटरांवर द्यावे. विजेच्या तारा, साकव, दोन्ही बाजूंचे जांभ्या दगडाचे गडगे आणि मंदिराजवळचे वळण. मी असा एक डबा गावाच्या वेशीवर नऊ दिवस अडकलेला पाहिला आहे, कारण शेवटच्या वळणावरचा गडगा दोन भावांच्या वादातला होता.

आता छपराविषयी. जागा निवडताना समुद्राचा देखावा विसरावा. किनाऱ्यापासून आणि खाडीपासून जितके आत जाल तितके हवेतले मीठ झपाट्याने कमी होते. मध्ये टेकाड किंवा दाट झाडी असेल तर आणखी चांगले. शिवाय भरतीरेषेपासून ५०० मीटरांपर्यंतची जमीन किनारा नियमन क्षेत्रात येते, तेव्हा शाळेचे आवार त्यात असेल तर शेडची परवानगी आधी पाहावी. जांभ्याचा कातळ पाया म्हणून उत्तम असतो, पण त्यावर पाणी तुंबते, म्हणून उतार देऊन चर खणावा, त्यावर खडीचा थर, त्यावर स्लीपर आणि रूळ. वस्तू मातीवर कधीही टेकवू नये. छप्पर वस्तूच्या दोन्ही टोकांना आणि बाजूंना निदान दोन मीटर पुढे यावे. कोकणात पाऊस वरून पडतो तसा आडवाही येतो. आपल्याकडे मृगाच्या आधी नारळीच्या झापांनी घराची पश्चिम बाजू बांधून घेतात ते त्यासाठीच. तीच रीत शेडला लावावी : पश्चिम आणि दक्षिण बाजू बंद, पूर्व आणि उत्तर उघडी, म्हणजे झड येत नाही आणि वारा खेळता राहतो. चारही बाजू बंद केल्या तर आत दमट कोंडी होते आणि गंज तितकाच चढतो.

देखभाल वर्षातून दोनदा. पाऊस संपल्यावर आणि होळीच्या सुमारास वस्तू गोड्या पाण्याने वरपासून खालपर्यंत धुवावी, वाळू द्यावी, जेथे रंग फुगला असेल तेथे तो काढून पत्रा उघडा करावा, गंज घासून पुन्हा धुवावे, आणि मगच प्रायमर व रंग. उघड्या घासलेल्या दांड्यांना आणि चाकांच्या सांध्यांना ग्रीस. पितळी भाग, शिट्टी आणि पाण्याची नळी काढून कपाटात कुलूपबंद ठेवावेत आणि इंजिनावर त्यांच्या प्रतिकृती लावाव्यात, कारण भंगारात पितळेला भाव असतो आणि चोराला इतिहासाशी कर्तव्य नसते. हे सारे करणारा एक माणूस नावानिशी ठरलेला असावा. ‘संस्था करील’ असे लिहिले की कोणी करत नाही.

शेवटी, विचारले नसले तरी एक मत मांडतो. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला, तेव्हा वाफेचे युग संपलेले होते. आपल्या गावांतून गाडी धावली ती डिझेलवर, आणि २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाल्यावर ते युगही मागे पडू लागले. साखर कारखान्याचे इंजिन सुंदर आहे, पण त्याचा देवगडशी संबंध नाही. त्याचे नाते देशावरच्या उसाच्या फडांशी आहे आणि तेथील एखाद्या गावाने ते मागितले असेल तर त्यांचा हक्क आपल्यापेक्षा मोठा आहे. डब्याचे तसे नाही. ज्या जातीच्या डब्यांतून आपल्या दोन पिढ्या गणपतीला मुंबईहून आल्या, त्या जातीचा डबा यादीत असेल तर तो आपल्या आवारात शोभेल आणि विद्यार्थ्यांना त्याच्याविषयी सांगायला घराघरांत माणसे सापडतील. निधी एकाच वस्तूपुरता असेल तर डबा घ्यावा, इंजिनाचे पैसे शेडमध्ये घालावेत. डिझेल इंजिनाचा मोह मात्र धरू नये. नेहमीचे डब्ल्यूडीएम-२ जातीचे इंजिन सुमारे ११३ टनांचे असते आणि ते पेलणारी जागा व क्रेन शाळेच्या आवाक्याबाहेर आहे.

संग्रहालयाकडून उत्तर येईपर्यंत शेडचे काम सुरू करावे. वस्तू पाहायला पावसाळा संपता संपता, सप्टेंबरच्या अखेरीस जावे. तेव्हा गळती दिसते, मार्चमध्ये दिसत नाही. सोबत विजेरी, लहान हातोडी, पेचकस, मोजपट्टी, डोळ्यांना चष्मा, जुने कपडे आणि गावातला एखादा वयस्क लोहार किंवा बोटीचा सुतार न्यावा. लोखंड आणि लाकूड खाऱ्या हवेत कसे वागते हे त्याला आपल्या सर्वांपेक्षा अधिक कळते.